स्वप्नानुग्रह : संत बहिणाबाई यांचे चरित्र

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम भागात वैजापूर तालुक्यातील शिऊर या गावी संत बहिणाबाई यांची समाधी आहे. वेरूळ येथे श्रीघृष्णेश्वराचे दर्शन घेऊन पुढे जाणारे अनेक भाविक या स्थानी येतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आणि शिऊरच्या संत बहिणाबाई या दोन भिन्न व्यक्ती होत. नामसाम्यामुळे नवागतांचा नेहमी घोटाळा होतो, म्हणून हा उल्लेख आरंभीच केलेला बरा. शिऊरच्या बहिणाबाई सतराव्या शतकातील. जगद्गुरू श्रीतुकाराम महाराजांच्या त्या शिष्या. वारकरी पंथाच्या उभारणीला मंदिराची उपमा देऊन ज्ञानदेवांना पायाचा आणि तुकोबांना कळसाचा मान देणारा सर्वपरिचित अभंग त्यांच्याच नावावर आहे.

बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतः अभंगांतून सांगितले आहे. त्या काळातील एका स्त्रीने स्वतःचा जन्म, विवाह, छळ, आजार आणि साधना क्रमाने सांगावी, ही गोष्ट मराठी वाङ्मयात अपूर्व होय. या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद जस्टिन अ‍ॅबट या अभ्यासकाने १९२९ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून परदेशांतही त्यांचे नाव पोहोचले. या चरित्रातील एक गोष्ट वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. आयुष्याला वळण देणारे बहुतेक प्रसंग त्यात स्वप्नात घडतात, आणि त्या स्वप्नांचे परिणाम मात्र जागेपणी, घरात आणि गावात भोगावे लागतात.

जन्म व बालपण

घृष्णेश्वराच्या पश्चिमेस शिवना नदीच्या परिसरात देवगाव आहे. आज ते देवगाव रंगारी या नावाने ओळखले जाते. तेथे आऊदेव कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत. त्यांच्या पत्नीचे नाव जानकी. संतती नसल्यामुळे आऊदेवांनी लक्षतीर्थावर अनुष्ठान आरंभिले. तेथे एका ब्राह्मणाने स्वप्नात येऊन संततीचा आशीर्वाद दिला, असे बहिणाबाई सांगतात. त्यानंतर शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ मध्ये, त्यांचा जन्म झाला. स्वतःच्या जन्माच्याही आधी घडलेले हे स्वप्न त्यांनी चरित्राच्या आरंभी नोंदविले आहे. घरात ते वारंवार सांगितले जात असणार, हे उघड आहे.

वयाच्या तिसऱ्या वर्षी बहिणेचा विवाह शिऊरच्या गंगाधरपंत पाठक यांच्याशी झाला. वर तीस वर्षांचे, बिजवर, वेदपठण केलेले व ज्योतिष जाणणारे होते. पुढे काही वर्षांनी भाऊबंदांशी निर्माण झालेल्या तंट्यामुळे आऊदेवांवर संकट ओढवले. गंगाधरपंतांच्या साहाय्याने त्यांची सुटका झाली. पण गावात राहणे अशक्य झाल्याने सर्व कुटुंब रात्रीच्या वेळी घर सोडून निघाले. भिक्षा मागत गोदातीर, पंढरपूर, शिंगणापूर अशी वाट चालत ही मंडळी रहिमतपुरास आली. तेथे काही काळ राहून, बहिणेच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, ती कोल्हापुरात पोहोचली. हिरंभट नावाच्या वेदविद्यासंपन्न गृहस्थाने आपल्या घराच्या ओसरीवर त्यांना आसरा दिला.

त्या काळी स्वप्नांकडे कसे पाहत

पुढील भाग समजण्यासाठी तत्कालीन समजुती ठाऊक असणे आवश्यक आहे. मध्ययुगातील माणूस प्रत्येक स्वप्नावर विश्वास ठेवीत असे, हा समज बरोबर नाही. उपनिषदांनी जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुर्या अशा अवस्था मांडल्या आणि स्वप्नाला मनाच्या व्यवहाराचे स्वतंत्र क्षेत्र मानले. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची स्वप्ने हे पहिले पाच. ते निष्फळ होत. सहावा प्रकार भावी गोष्टींची सूचना देणारा आणि सातवा वातादी दोषांमुळे पडणारा. म्हणजे बहुतेक स्वप्ने सोडून द्यावीत, असेच वैद्यकाचे मत होते. पुराणांतील स्वप्नाध्यायांनी आणि बाराव्या शतकातील जगद्देवाच्या स्वप्नचिंतामणीसारख्या ग्रंथांनी शुभाशुभाची लक्षणे दिली. रात्रीच्या आरंभी पडलेल्या स्वप्नाचे फळ उशिरा मिळते, पहाटेचे लवकर मिळते, हा समज त्यातूनच घरोघरी रुजला. वाईट स्वप्नाच्या निवारणासाठी स्नान, नामस्मरण आणि गजेंद्रमोक्षाचा पाठ सांगितला जाई. युरोपातही त्या काळी मॅक्रोबियस या लॅटिन ग्रंथकाराने केलेले स्वप्नांचे पाच प्रकार प्रमाण मानले जात, आणि त्यांतील दोन त्यानेही निरर्थकच ठरविले होते.

देव, गुरू किंवा संत स्वतः येऊन काही आज्ञा करतात, अशा स्वप्नाचा मान मात्र वेगळा होता. त्याला दृष्टांत म्हणत. पैठणचे श्रीएकनाथ महाराज यांना ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचे सांगितले, हा प्रसंग या जिल्ह्यात मुलांनाही ठाऊक असतो. त्यानंतर नाथमहाराज आळंदीस गेले आणि शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध झाली. श्रीतुकाराम महाराजांची गुरुदीक्षाही स्वप्नातलीच. बाबाजी चैतन्य यांनी वाटेत मस्तकी हात ठेवला, भोजनास पावशेर तूप मागितले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. तूप द्यायचे मात्र स्वप्नात विसरून गेले. या प्रसंगाची माघ शुद्ध दशमी ही तिथी आणि गुरुवार हा वार महाराजांनी स्वतः सांगितला आहे. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, हेही त्यांनीच सांगितले. पुढे संतचरित्रकार ताहराबादकर महिपती (१७१५–१७९०) यांना तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिल्याची परंपरा आहे.

या सर्व उदाहरणांत दृष्टांतामागोमाग एखादे कार्य उभे राहिलेले दिसते. नुसते स्वप्न पडले म्हणून कोणी कोणाला मानीत नसे. तिथी, वार आणि नंतरची फलश्रुती यांवर त्याची पारख होई. पण ही सर्व उदाहरणे पुरुषांची आहेत. कोल्हापुरातल्या ओसरीवर राहणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीला दृष्टांत झाला, तर त्याची पारख कोणी करायची?

कपिला गाय व वासरू

हिरंभटांना कोणी एक कपिला गाय दान दिली होती. ओसरीवर उतरलेल्या ब्राह्मणास ही गाय द्यावी, अशी आज्ञा त्यांना स्वप्नात झाली. हिरंभटांनी विलंब न करता गाय व वासरू गंगाधरपंतांच्या स्वाधीन केले. या स्वप्नाबद्दल कोणी शंका घेतली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वप्न पाहणारा विद्वान गृहस्थ होता, आणि ज्यांना लाभ झाला त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

वासराला बहिणेचा फार लळा लागला. ती पाण्याला जावो की कथेला, ते मागे असेच. त्या सुमारास वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरात आले होते. त्यांच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग गायिले जात. बहिणा आईवडिलांबरोबर नित्य कीर्तनास जाई आणि वासरूही तिच्याजवळ उभे राही. एके दिवशी गर्दीमुळे वासराला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले आणि बहिणाही रडू लागली. स्वामींना हे कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकांवर हात ठेवून त्यांचा गौरव केला.

ही वार्ता गंगाधरपंतांच्या कानी गेली. संतापाच्या भरात त्यांनी बहिणेला बांधून निर्दयपणे मारले. बहिणाबाईंनी हा प्रसंग लपविलेला नाही, आणि पतीविषयी कडवट शब्दही काढलेला नाही. गाय व वासरू यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. थोड्याच दिवसांत वासराने प्राण सोडला. त्याच्या वियोगाने बहिणा बेशुद्ध झाली आणि काही दिवस तिला भान नव्हते. त्या अवस्थेत एका ब्राह्मणाने येऊन तिला सावध होण्यास सांगितले. डोळे उघडले तेव्हा तिच्या मनात कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग भरून राहिले होते. ज्यांचे हे शब्द, त्यांचे दर्शन व्हावे, याखेरीज दुसरी इच्छा तिला उरली नाही.

स्वप्नातील गुरुभेट

देहू दूर होती. पतीच्या आज्ञेवाचून घराचा उंबरठा ओलांडणे शक्य नव्हते. तुकोबा जातीने शूद्र, बहिणा ब्राह्मणाची पत्नी. आणि स्त्रियांना वेदमंत्राचा अधिकार नाही, असा त्या काळचा निर्बंध. जागेपणाच्या सर्व वाटा याप्रमाणे बंद होत्या. सात दिवस तळमळीत गेले. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, या दिवशी तुकोबा तिच्या स्वप्नात आले. त्यांनी मस्तकी हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि हाती एक पोथी दिली.

तुकोबांप्रमाणे बहिणाबाईंनीही तिथी आणि वार नोंदविले आहेत. जमिनीच्या किंवा वतनाच्या कागदाला जशी तिथी लागते, तशी या अनुग्रहालाही त्यांनी लावली. जन्म कुलकर्ण्यांच्या घरातला असल्यामुळे लेखी पुराव्याचे मोल त्यांना ठाऊक असावे. दुसरे असे की, ज्यांना स्वतःला स्वप्नात गुरू भेटला, त्या तुकोबांनी त्याच रीतीने शिष्येला पत्करले. म्हणजे या मार्गाला गुरुघराण्यातच आधार होता. तेव्हा तुकोबा देहूत विद्यमान होते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. त्यामुळे हे स्वप्न खरे की भास, हे प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची सोय होती.

घरात मात्र वादळ उठले. बहिणेला पाहण्यासाठी लोक येऊ लागले, त्याने गंगाधरपंत अधिकच अस्वस्थ झाले. आपण वेदपाठी ब्राह्मण. आपल्या पत्नीने शूद्र साधूला गुरू मानावे आणि तोही स्वप्नात भेटलेला, हे त्यांना सहन होईना. हिरंभटांच्या स्वप्नाने मिळालेली गाय त्यांनी घेतली होती. पत्नीचे स्वप्न मानणे त्यांना जड गेले. बहिणा त्या वेळी गरोदर होती. तिला माहेरच्या माणसांकडे टाकून आपण वनात जावे, असा निश्चय त्यांनी केला.

बहिणेची कोंडी मोठी होती. पतीची सेवा हाच स्त्रीचा धर्म, हे तिला मान्य होते. आयुष्यभर तिने ते मान्य केले आणि त्यावर अभंगही लिहिले. गुरूलाही ती सोडू शकत नव्हती. स्त्रीजन्मामुळे परमार्थाची दारे बंद असल्याची खंत तिने स्पष्टपणे मांडली आहे. आजच्या वाचकाला तिचे पतीपुढे नमणे खटकेल. परंतु तिने पतीही सोडला नाही आणि स्वप्नही नाकारले नाही.

निघण्याच्या सुमारास गंगाधरपंतांना तीव्र दाह व ज्वर जडला. औषधांचा उपयोग होईना. तुकोबांची व पांडुरंगाची आपण निंदा केली, त्याचे हे फळ, अशी टोचणी त्यांना लागली. एका वृद्ध ब्राह्मणानेही त्यांना पत्नीचा त्याग करण्याचे कारण विचारून समज दिली. बहिणा रात्रंदिवस शुश्रूषा करीत होती. दुखणे उतरल्यावर त्यांचे मन पालटले आणि त्यांनी स्वतःच देहूस जाण्याचे ठरविले.

देहू येथील वास्तव्य

ही मंडळी देहूस पोहोचली तेव्हा देवळात आरती चालली होती. बहिणेने तुकोबांना पाहिले आणि स्वप्नात पाहिलेली मूर्ती तीच असल्याची तिची खात्री पटली. तिच्यापुरती परीक्षा तेथेच संपली.

गावापुरती मात्र ती नुकती सुरू होत होती. कोंडाजी नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या भोजनाची व्यवस्था केली. राहण्यास जागा मागण्यासाठी मंबाजी गोसावी यांच्याकडे गेले असता मंबाजींनी त्यांना आपले शिष्य होण्यास सुचविले. आपल्याला तुकोबांचा अनुग्रह आहे, असे कळताच त्यांचा क्रोध अनावर झाला. शूद्राला गुरू करणाऱ्या ब्राह्मणाला पंक्तीत घेऊ नये, असा त्यांचा पक्ष होता. पुण्याच्या आप्पाजी गोसावी यांच्याकडे त्यांनी तुकोबांविरुद्ध लेखी तक्रारही केली. बहिष्काराची धमकी ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. भिक्षुकीवर पोट भरणाऱ्या कुटुंबाची ती उपजीविकाच तोडणारी होती. तरीही गंगाधरपंत मागे हटले नाहीत. ज्यांनी एकेकाळी या गुरूसाठी पत्नीला टाकण्याचे ठरविले होते, तेच आता त्याच्यासाठी वाळीत पडण्यास तयार झाले. बहिणाबाईंच्या दृष्टांताची फलश्रुती शोधायची तर ती येथे आहे. मंडळी देवळाच्या आनंदओवरीत राहिली.

मंबाजींनी राग गायीवर काढला. त्यांनी कपिलेला चोरून नेऊन घरात कोंडले आणि मारले. शोध करूनही गाय सापडेना. इकडे तुकोबांच्या स्वप्नात गाय आली आणि सोडविण्याची याचना करू लागली. जागे झाले तेव्हा त्यांच्या पाठीवर माराचे वळ उठलेले होते. पुढे मंबाजींच्या घराला आग लागली. लोक विझविण्यास धावले, तेव्हा आत बांधलेली गाय सापडली आणि तिच्या पाठीवरही तसेच वळ दिसले. भाविक हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात. बहिणाबाईंच्या कथनात मात्र त्याला आणखी एक स्थान आहे. दानाच्या स्वप्नातून घरात आलेली गाय दुसऱ्या स्वप्नाने सुटते, आणि ज्या गुरूला लोक केवळ स्वप्नातला म्हणत होते, त्याच्या अंगावर त्या स्वप्नाची खूण सर्वांच्या डोळ्यांपुढे उमटते.

देहूतच त्यांना कन्या झाली. तिचे नाव काशीबाई ठेवले. त्यानंतर त्या ध्यानास बसल्या असता तुकोबांचे पुन्हा दर्शन झाले, आणि इंद्रायणीत स्नान केल्यावर त्यांच्या मुखातून अभंग प्रकटू लागले. तुकोबांचे रामेश्वरभट, कोंडाजी, मंबाजी यांच्याशी असलेले संबंध त्यांनी समकालीन साक्षीदाराच्या नजरेने सांगितले आहेत. तुकारामचरित्राच्या अभ्यासकांना त्यामुळेच त्यांच्या गाथेकडे वळावे लागते. शके १५७१ मध्ये, म्हणजे १६५० साली, तुकोबांचे प्रयाण झाले.

शिऊर येथील उत्तरायुष्य

बहिणाबाईंना विठ्ठल नावाचा पुत्रही झाला. कोल्हापुरात प्राण सोडलेले वासरूच या पुत्राच्या रूपाने परत आले, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे हे कुटुंब शिऊरला आले. समर्थ रामदासस्वामींच्या सहवासाचीही परंपरा आहे. समर्थांनी दिलेली मारुतीची लहान मूर्ती शिऊर येथे पूजेत असल्याचे सांगतात.

उत्तरायुष्यात त्यांनी वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचे मराठी रूपांतर केले. ब्राह्मण कोणास म्हणावे, जीवास की देहास, जातीस की ज्ञानास, असा प्रश्न त्यात क्रमाने विचारला आहे, आणि ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, असे उत्तर दिले आहे. मंबाजींच्या दारात उभ्या राहिलेल्या वादाला बहिणाबाईंनी दिलेले हे शांत उत्तर मानता येईल. मुळात हा ग्रंथ त्यांनी निवडला, यालाच महत्त्व आहे.

शके १६२२ मध्ये आपला अंतकाळ जवळ आल्याचे त्यांनी ओळखले. पुत्र विठ्ठल त्या वेळी घरी नव्हता. पत्नी रुक्मिणी हिच्या उत्तरक्रियेसाठी तो गोदातीरी शुक्रेश्वरास गेला होता. त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले. तो आल्यावर त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची कथा त्याला सांगितली. हा तेरावा जन्म, आणि मागील जन्मांतही तो आपल्याजवळच होता, असे त्यांनी पुत्रास समजावले. आश्विन शुद्ध प्रतिपदेस, इसवी सन १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ती तिथी शारदीय नवरात्राच्या पहिल्या दिवसाची असल्याने घटस्थापना आणि बहिणाबाईंची पुण्यतिथी एकाच दिवशी येतात.